दोरी ओढली तर धावत कोण येतं? फ्रीमाँटच्या कारखान्याचं प्रकरण

'चेंज मॅनेजमेंट' म्हटलं की ऑफिसातले लोक मान खाली घालून मोबाईल बघायला लागतात, कारण सगळ्यांना अनुभवाने माहीत असतं की आता एक नवीन सॉफ्टवेअर येणार, त्याचं दोन तासांचं ट्रेनिंग होणार, दोन-तीन महिने तीच माहिती सॉफ्टवेअरमध्येही भरायची आणि एक्सेलमध्येही, आणि मग हळूच परत फक्त एक्सेल. मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीये, कारण ती मीटिंग लावणारा माणूस बऱ्याचदा मीच असतो. प्रोसेस इम्प्रूव्हमेंट हेच माझं काम. आणि या कामात कोणी मला विचारलं की एकच केस सांग, बाकी सगळं सोड, तर मी फ्रीमाँटच्या नुम्मी नावाच्या कारखान्याची सांगतो. केस जुनी आहे, गाड्यांच्या कारखान्याची आहे, पण आजच्या कुठल्याही ऑफिसला, हॉस्पिटलला, सॉफ्टवेअर टीमला ती जशीच्या तशी लागू पडते असं माझं मत आहे, बघा पटतंय का.

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. तिथे जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा गाड्या असेंबल करायचा कारखाना होता, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झालेला. सत्तरच्या दशकात या कारखान्याचं नाव निघालं की जीएमचेच लोक कानाला हात लावायचे. गैरहजेरी 20 टक्क्यांच्या वर, म्हणजे कुठल्याही दिवशी पाचातला एक माणूस नाही, सोमवारी तर लाईन चालू करायलाच पुरेशी माणसं नसायची. मग रस्त्यापलीकडच्या बारमधून माणसं धरून आणायचे असे किस्से आहेत, आणि लाईनवरच दारू प्यायचे हेही तिथल्याच कामगारांनी नंतर मोकळेपणाने सांगितलंय. युनियनच्या लेखी तक्रारींचा ढीग हजारांत मोजायचा. परवानगीशिवायचे अचानक संप. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुद्दाम केलेले चाळे, दाराच्या पत्र्याच्या आत रिकामी बाटली सोडून द्यायची, म्हणजे गाडी घेणारा बिचारा वर्षभर 'खडखड कुठून येतेय' शोधत बसेल.

यावर मॅनेजमेंटचं धोरण एका वाक्यात सांगता येईल: लाईन थांबता कामा नये. कसलीही चूक दिसू दे, गाडी पुढे ढकला, शेवटी अंगणात उभी करा, तिथे वेगळी टीम ती उघडून दुरुस्त करेल. चुकीचा पार्ट लागलेल्या, एखादा पार्टच नसलेल्या गाड्या रांगेने तिथे जायच्या. आकड्यांत मात्र 'आज इतक्या गाड्या काढल्या' हे छान दिसायचं. (आपल्याकडे तक्रारीचं तिकीट 'क्लोज्ड' करून दुसऱ्या नावाने परत उघडतात ना, तोच प्रकार.) 1982 मध्ये जीएमने शेवटी कारखान्याला कुलूप लावलं आणि हजारो लोक घरी गेले.

आता इथे टोयोटा येते. जपानी गाड्यांच्या आयातीवर 1981 पासून मर्यादा होती, वर्षाला 16 लाख 80 हजार गाड्या, त्यामुळे टोयोटाला अमेरिकेत गाड्या बनवणं भाग होतं, पण भीती ही की अमेरिकन कामगार, अमेरिकन युनियन, अमेरिकन सप्लायर यांच्याबरोबर आपली पद्धत चालेल का. जीएमला तोट्यात न जाता छोटी गाडी कशी बनवतात ते बघायचं होतं, आणि रिकामा पडलेला कारखाना होताच. दोघांनी अर्धी-अर्धी भागीदारी केली, 1983 मध्ये करार झाला, कंपनीचं लांबलचक नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, आद्याक्षरं घेऊन नुम्मी. पहिले अध्यक्ष टोयोटा घराण्यातले तात्सुरो टोयोडा. डिसेंबर 1984 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, शेवरोले नोव्हा, जी आतून कोरोलाच होती.

पण खरी गंमत भरतीत आहे. टोयोटाला जुने कामगार घ्यायची फारशी इच्छा नव्हती, साहजिकच आहे, पण युनायटेड ऑटो वर्कर्स युनियनशिवाय हे प्रकरण पुढे सरकणार नव्हतं. युनियनचे पश्चिम विभागाचे नेते ब्रूस ली (हो, नाव तेच, माणूस वेगळा) यांचं म्हणणं होतं की माणसं वाईट नव्हती, ज्या व्यवस्थेत ती काम करत होती ती वाईट होती. नेहमी सगळेच युनियनवाले असं म्हणतात, फरक एवढाच की यावेळी कोणीतरी ते खरं धरून बघितलं. सुरुवातीच्या कामगारांपैकी जवळपास 85 टक्के लोक जुन्या फ्रीमाँटमधलेच होते, आणि त्यात युनियनची जुनी भांडकुदळ नेतेमंडळीही आली. आपण एखादं बंद पडलेलं डिपार्टमेंट नव्याने उभं करताना सगळ्यात आधी कोणाला वगळू, तर नेमके हेच लोक.

तेव्हा मोजणी अशी झाली: बिल्डिंग तीच, युनियन तीच, माणसं बहुतेक तीच, मशिनरीही फार काही आधुनिक नाही. त्याच काळात जीएम दुसरीकडे रोबोटवर प्रचंड पैसे ओतत होती, 1985 मध्ये चालू झालेला डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅमकचा कारखाना हे त्याचं मोठं उदाहरण, आणि तिथल्या पेंटिंगच्या रोबोटनी गाडी सोडून एकमेकांनाच रंग फासल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या.

नोव्हा निघायच्या आधी काही शे कामगारांना, मुख्यतः पुढे टीम लीडर होणाऱ्यांना, तुकड्या-तुकड्यांनी जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं, साधारण तीन-तीन आठवडे. ट्रेनिंग म्हणजे वर्गात बसून स्लाइड बघणं नाही, तिथल्या लाईनवर तिथल्या माणसाच्या शेजारी उभं राहून तेच काम करायचं. आणि तिथे त्यांनी ती दोरी बघितली.

ती दोरी जरा जवळून बघू, कारण अख्खी केस तिच्यात आहे. लाईनच्या कडेने डोक्याच्या उंचीवर एक दोरी गेलेली असते, अँडन कॉर्ड म्हणतात. समजा तुम्ही सीटचा बोल्ट बसवताय, साधारण मिनिटभराचं काम, आणि बोल्टचे आटे चुकले, तो तिरका बसला. जुन्या फ्रीमाँटमध्ये तुम्ही तो तसाच हाणला असता नाहीतर सोडून दिला असता. इथे तुम्ही दोरी ओढता. ओढल्या ओढल्या लाईन थांबत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आधी त्या भागाची ठरलेली धून वाजायला लागते, वर बोर्डवर तुमच्या स्टेशनचा दिवा लागतो, आणि टीम लीडर तुमच्याकडे येतो. येतो म्हणजे हातातलं काम टाकून, लगेच. गाडी तुमच्या स्टेशनच्या हद्दीच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत दोघांनी मिळून बोल्ट नीट बसवला तर दोरी परत ओढायची, धून बंद, लाईन चालूच. नाही जमलं तर त्या खुणेवर लाईन थांबते. आणि मग पुढचा प्रश्न 'कोणी केलं' असा नसतो, आटे का चुकताहेत हे बघतात, बोल्टची बॅच खराब आहे, की टूल झिजलंय, की काम करायचा क्रमच अवघड आहे.

आता विचार करा, ज्या माणसाला वीस वर्षं सांगितलंय की आभाळ कोसळलं तरी लाईन थांबवायची नाही, त्याच्या हातात ही दोरी दिली. लाईन थांबली की प्रत्येक मिनिटाला पैसे जातात हे त्यालाही कळतं. तो दोरी ओढेल का? फक्त एकाच अटीवर ओढेल, की पहिल्यांदा ओढल्यावर जो माणूस धावत आला तो ओरडायला आला नव्हता.

हे जॉन शूक यांनी फार चांगलं मांडलंय. ते त्या वेळी जपानमध्ये टोयोटात नोकरीला लागलेले अमेरिकन, या ट्रेनिंगच्या कामात होते, आणि 2010 मध्ये त्यांनी नुम्मीवर एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधारण असा की आपण समजतो आधी लोकांची मानसिकता बदलायची मग त्यांचं वागणं बदलेल, पण तिथे उलटं झालं, आधी रोजचं वागणं बदललं, काय करायचं आणि अडलं तर काय होईल हे बदललं, आणि विचार करायची पद्धत मागून आली. मला हे शंभर टक्के पटतं. भिंतीवर 'ओनरशिप' लिहिलेली पोस्टर लावून कोणाच्याही मनात ओनरशिप आलेली मी अजून तरी बघितली नाहीये.

दोरीच्या मागे अजून बरंच काही होतं, ते थोडक्यात सांगतो. पाच-सहा जणांची टीम आणि तिचा एक लीडर, जो स्वतः लाईनवरचाच माणूस, म्हणजे मदतीला धावणारा रिकामा हात मुळात ठेवलेला होता. (हाच 'रिकामा हात' आपण खर्च कपातीत सगळ्यात आधी कापतो.) पूर्वी उत्पादनातल्या कामाचे ऐंशीच्या आसपास प्रकार होते, हा स्क्रू माझा तो दिवा तुझा, ते जाऊन उत्पादनाला एकच प्रकार राहिला आणि कुशल कारागिरांना तीन. सगळ्यांना एकच कॅन्टीन, साहेबांना राखीव पार्किंग नाही.

आणि स्टॉपवॉच. याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळालं. जुन्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन यायचा आणि तो येताना दिसला की कामगार मुद्दाम संथ व्हायचे, त्याने त्यावर एक वेळ ठरवायची, मग तो गेल्यावर लोकांनी आपली खरी युक्ती काढून काम लवकर उरकायचं आणि उरलेल्या वेळात आराम, सगळ्यांना सगळं माहीत. नुम्मीत स्टॉपवॉच टीमच्याच हातात दिलं. त्यांनीच एकमेकांची वेळ मोजायची, कोणाची पद्धत सगळ्यात सोपी, सुरक्षित आणि न चुकणारी आहे ते ठरवायचं, ती पायरी-पायरीने लिहायची आणि दोन्ही शिफ्टच्या लोकांनी तीच वापरायची. उद्या कोणाला अजून बरी पद्धत सुचली तर कागद बदलायचा. पॉल अ‍ॅडलर नावाच्या प्राध्यापकांनी नुम्मीचा बरीच वर्षं अभ्यास केला, त्यांना आश्चर्य याचंच वाटलं की काम इतकं कडक बांधलेलं, सेकंदासेकंदाचं, आणि तरी लोक खुश, कारण तो कागद कोणी वरून आणून त्यांच्या तोंडावर मारलेला नव्हता. आपल्याकडे एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याचा लेखी कागद, कोण लिहितं? ज्याला ते काम कधीच करायचं नाहीये तो.

रिझल्ट? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासातली तुलना बरीच प्रसिद्ध आहे. 1986-87 च्या सुमाराचे आकडे: जीएमच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एक गाडी असेंबल करायला 31 तास लागायचे, जपानमध्ये ताकाओकात 16, आणि नुम्मीत 19. दर 100 गाड्यांमागे असेंब्लीतले दोष फ्रेमिंगहॅमला 130च्या वर, ताकाओकाला 45, नुम्मीला पण 45. पार्ट्सचा साठा फ्रेमिंगहॅममध्ये दोन आठवड्यांचा, नुम्मीत दोन दिवसांचा, ताकाओकात दोन तासांचा (समुद्रापलीकडून पार्ट येत असताना दोन तासांवर चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून दोन दिवस). गैरहजेरी 20 टक्क्यांवरून अगदी थोड्या टक्क्यांवर आली. या अभ्यासात काम केलेला जॉन क्राफसिक आधी नुम्मीतच इंजिनिअर होता, आणि 'लीन' हा शब्द या पद्धतीला त्यानेच 1988 मध्ये लावला. म्हणजे आज तुमच्या पीपीटीत जो 'लीन' असतो तो इथून आलाय.

पण खरी परीक्षा आकडे चांगले असताना होत नाही. 1987-88 मध्ये नोव्हा खपेना झाली. कारखान्याच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा थोडंसंच जास्त काम उरलं. गाड्यांच्या धंद्यात अशा वेळी ले-ऑफ हा ठरलेला उपाय. पण करारात लिहिलं होतं की कंपनीच्या अस्तित्वावर येईल इतकी परिस्थिती बिघडल्याशिवाय कामगार काढायचे नाहीत, आणि त्याआधी साहेब लोकांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेली कामं आत आणायची. लिहिलेलं सगळीकडेच असतं, इथे ते पाळलं. कोणाला काढलं नाही, रिकाम्या हातांना ट्रेनिंगला बसवलं, कामाच्या पद्धती सुधारायच्या प्रोजेक्टवर लावलं. माझ्या मते नुम्मीचा विश्वास 1984 च्या जपान ट्रिपमध्ये तयार झाला नाही, तो इथे तयार झाला. कारण एफिशियन्सी सुधारायच्या प्रत्येक मीटिंगमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, 'मी हे दहा मिनिटांचं काम सात मिनिटांत करून दाखवलं तर माझ्या शेजारच्याची नोकरी जाणार का?' उत्तर हो असेल तर तो तुम्हाला आयुष्यात काही सांगणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

सगळं गुलाबी नव्हतं हेही लिहायला हवं, नाहीतर ही जाहिरात होईल. जुन्या लाईनवर मिनिटातले साधारण 45 सेकंद माणूस कामात असायचा, नुम्मीत 57 सेकंद. टीका करणाऱ्यांनी याला 'ताण देऊन चालवलेलं मॅनेजमेंट' असं नाव ठेवलं, आणि त्यात तथ्य होतं. 1993 च्या नवीन मॉडेलच्या वेळी घाईघाईत बदल केले, लोकांचे हात-खांदे दुखावले, आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने नुम्मीवर कारवाई केली. अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळा पेपर लिहिलाय. पुढचा मोठा बदल 1995 मध्ये ट्रकच्या लाईनवर झाला तेव्हा मात्र या बाबतीत आधीपासून तयारी केली आणि त्रास बराच कमी झाला. तर लोक सहभागी आहेत म्हणून लोकांची पाठ दुखत नाही असं काही नसतं.

आता प्रकरणाचा दुसरा अंक, जो मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. हे सगळं जीएमच्या डोळ्यांसमोर, जीएमच्याच अर्ध्या मालकीच्या कारखान्यात चाललं होतं. जीएम आपले मॅनेजर तिथे शिकायला पाठवायची. एका बड्या साहेबाने 'नुम्मीच्या प्रत्येक इंचाचे फोटो काढून आणा आणि तसंच्या तसं उभं करा' असं सांगितल्याचा किस्साही सांगतात. त्याच कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसला जीएमचा दुसरा कारखाना होता, कॅमरो आणि फायरबर्ड बनवायचा, बंद पडायच्या यादीत असलेला. तिथे नुम्मी करायचं ठरलं. टीम केल्या, दोऱ्या लावल्या.

आणि तिथे ते चाललं नाही. कामगारांना वाटलं ही आपल्यात फूट पाडायची चाल आहे, युनियनमध्ये दोन तट पडले. मॅनेजरांचे बोनस अजून किती गाड्या निघाल्या यावरच होते, मग दोरी ओढली की त्यांना आपला बोनस जाताना दिसायचा आणि ते दोरी ओढणाऱ्यावर तोंडसुख घ्यायचे. फ्रीमाँटच्या लोकांनी दोन वर्षं बेकारी भोगली होती, त्यांना जुनं परत नको होतं, व्हॅन नाइसला कारखाना अजून चालू होता त्यामुळे 'चाललंय की' ही भावना. आणि सप्लायरकडून आलेला पार्ट बसत नाही म्हणून लाईन थांबवली तर जीएमच्या डिझाइन किंवा खरेदी खात्यात फोन उचलून 'आज बघतो' म्हणणारा कोणी नव्हता, टोयोटात होता. दोरी तीच, पण तिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. व्हॅन नाइस 1992 मध्ये बंद झाला.

हे वाचताना मला आमचंच एक प्रकरण आठवतं. एका कंपनीत आम्ही टूलमध्ये लाल रंगाचं एक एस्केलेशन बटन टाकलं होतं, कोणाचंही काम अडलं की दाबायचं. तीन महिन्यांत दोनदा दाबलं गेलं. मी डॅशबोर्ड हिरवागार बघून खुश होतो, चक्क स्लाइडवर टाकलं. मग चहाच्या वेळी एका मुलाला सहज विचारलं तर म्हणाला, "सर, दाबलं की मलाच संध्याकाळच्या कॉलला बसवतात आणि कारणं लिहून द्यायला लावतात, त्यापेक्षा मी रात्री थांबून उरकतो." म्हणजे आम्ही बटन दिलं होतं, टीम लीडर दिलाच नव्हता. टोयोटाच्या लोकांत एक बोलणं आहे की प्रॉब्लेम नाही हाच प्रॉब्लेम, ते मला त्या दिवशी कळलं, वाचलं आधीच होतं.

जीएम शिकलीच नाही असं नाही. नुम्मीतून गेलेली माणसं वेगवेगळ्या जागी विखुरली होती, त्यांनी हळूहळू बरंच केलं, जर्मनीत आयझेनाखला 1992 मध्ये ओपेलचा (ही तेव्हा जीएमचीच कंपनी) कारखाना उभा राहिला त्यात नुम्मीचा धडा सरळ दिसतो, आणि पुढे बाकी कारखान्यांतही ही पद्धत गेली, गाड्यांचा दर्जा खरंच सुधारला. पण एवढ्या मोठ्या कंपनीत एका कारखान्यातून दुसऱ्यात जायला वर्षंच्या वर्षं गेली, तोवर टोयोटाने नुम्मीवरून आपला अंदाज घेऊन 1988 मध्ये केंटकीत जॉर्जटाऊनला स्वतःचा कारखाना चालू केला होता. त्यांना शिकायला चार वर्षं पुरली. 1 जून 2009 ला जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच वर्षी नुम्मीतून अंग काढून घेतलं, आणि टोयोटानेही एकट्याने तो चालवायचं नाकारलं. हा मुद्दा नुम्मीचे भक्त सांगताना गाळतात: पद्धत उत्तम असून, दर्जा उत्तम असून, जवळपास 4700 लोकांची नोकरी गेलीच. 1987 ला जो शब्द पाळला गेला तो 2010 ला पाळता आला नाही, कारण निर्णय त्या कारखान्याच्या हातात नव्हता.

1 एप्रिल 2010 ला शेवटची कोरोला लाईनवरून उतरली. बंद होणार हे कामगारांना कित्येक महिने आधी माहीत होतं, आणि तरी शेवटपर्यंत गाड्या नीटच निघत होत्या, दारात बाटल्या कोणी टाकल्या नाहीत. मे महिन्यात टेस्लाने तो कारखाना 4 कोटी 20 लाख डॉलरला घेतला.